चिखलात पाय न घालण्याची नोकरी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "मॉरिशसच्या समुद्रकाठी आयुष्यभर सरकारी नोकरी केलीत, काहीतरी थरारक लिहून पाठवा." मी बरेच दिवस आठवून पाहिलं. थरार म्हणावा असा एकच प्रसंग सापडला. त्यात मी कमरेपर्यंत चिखलात रुतलो होतो आणि माझी आत्या काठावर उभी राहून हसत होती. तेव्हा वाचकांनी आधीच समजून असावं, पुढे कुणी शूर माणूस भेटणार नाही.

मी ग्रां बुआ गावचा. आजा कोकणातून बोटीत बसून ऊस तोडायला आला, बापाचा जन्म उसातच गेला, आणि मला सरकारी नोकरी लागली तेव्हा आईने सगळ्या गल्लीत लाडू वाटले. तिला वाटलं, पोरगा आता पंख्याखाली खुर्चीत बसणार. नोकरी निघाली किनाऱ्यावरची झाडं आणि दलदल राखायची. पहिल्या दिवशी मी गुडघ्यापर्यंत काळा होऊन घरी आलो. आई म्हणाली, "तुझा बाप निदान कोरड्या जमिनीत काम करायचा." माझी मराठी संध्याकाळच्या बैठकीत, म्हणजे गावच्या सभाघरातल्या वर्गात, शिकलेली, तीत इथली क्रेओल बोली मिसळल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. संपादकांनी ती दुरुस्त केली असेल तर त्यांचे उपकार, नसेल तर तुमची सहनशक्ती.

आमच्या दक्षिण किनाऱ्यावर, सूयाक आणि शमें ग्रेनिए यांच्या मधे, एक खाजण आहे. खाजण म्हणजे भरतीला खारं पाणी आत येतं आणि ओहोटीला नुसता चिखल उरतो अशी जागा. कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको. चिखलात कांदळाची झाडं उभी असतात, मुळांचे पाय पसरून. आम्ही इथे त्यांना मांग्लिये म्हणतो, पण माझी आत्या कांदळच म्हणायची. तिच्या बापाने बोटीतून जे थोडं सामान आणलं त्यात तो शब्द होता.

आत्याचं सगळं त्या खाजणावर चालायचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. ओहोटीला चिखलात उतरून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायच्या आणि शमें ग्रेनिएच्या बाजारात नेऊन विकायच्या. आणि दर वर्षी श्रावण सरता सरता खाजणाच्या काठची चिकण माती आणून तिचा गणपती करायचा. हे तिच्या बापापासून चाललेलं. परक्या मुलखात मूर्ती मिळेना म्हणून त्याने पहिल्या वर्षी त्याच चिखलाचा गणपती केला होता. दीड दिवसाने गणपती परत त्याच चिखलात जायचा. मागून गल्लीतले सगळे ढोलकी घेऊन, झाकरीची, म्हणजे कोकणातल्या जाखडी नाचाची, गाणी म्हणत, नाचत खाजणात उतरायचे. आत्याचा नियम पक्का होता. ज्या हाताने घडवला त्याच हाताने सोडायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी, एका वादळानंतर, एक मालवाहू जहाज प्रवाळाच्या बांधावर येऊन बसलं. माणसं सगळी वाचली. जहाजाच्या पोटातलं जळण मात्र बाहेर आलं. ते तेल काळं आणि जाड, गुळाच्या काकवीसारखं. लाटांनी ते आत ढकललं आणि भरतीने खाजणात आणून पसरवलं. सकाळी मी पोचलो तेव्हा चिखल रोजच्यासारखाच काळा दिसत होता, म्हणून मी आधी निवांत होतो. मग वास आला. सगळं खाजण लॉरीच्या गॅरेजसारखं घमघमत होतं.

आमचे साहेब होते मिस्ये गास्तों. क्युर्पिपचे क्रेओल गृहस्थ, पांढरी टोपी, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी मला त्या दिवशी जे सांगितलं ते माझ्या नोकरीचं सार आहे, म्हणून बाहेरच्यांसाठी सोपं करून लिहितो. तेल वाळूवर आलं तर फावड्याने उचलता येतं. चिखलावर आलं तर उचलायला जाऊ नये. वरच्या वर राहिलं तर ऊन, वारा, भरतीचं पाणी आणि डोळ्यांना न दिसणारे जीव मिळून ते हळूहळू खाऊन टाकतात. पण माणसाने पाय ठेवला, की पाय तेलाला खाली दाबतो. खाली हवा नाही. तिथे ते वर्षानुवर्षं लोणच्यासारखं मुरत बसतं. म्हणून दलदलीत तेल आलं की पहिलं काम म्हणजे माणसांना बाहेर ठेवणं.

"म्हणजे काम काय करायचं?" मी विचारलं.

"पाय घालायचा नाही," मिस्ये गास्तों म्हणाले. "आणि कुणाला घालू द्यायचा नाही."

मला वाटलं, अशी नोकरी तर आमचा बैलही करील. ती किती अवघड आहे ते लवकरच कळलं. संकट आलं की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, आणि संपूर्ण दक्षिण किनाऱ्याला त्या आठवड्यात काहीतरी करावंसं वाटत होतं. कुणी फावडी घेऊन आलं, कुणी झाडू. आत्या साबणाचा चुरा आणि बादली घेऊन आली आणि कांदळाची मुळं घासायला बसली. मी ओरडलो, "आत्या, बाहेर ये." ती म्हणाली, "घाण झाली तर धुवायची नाय तर काय पुजायची?" साबणाने तेल फुटून पाण्यात मिसळतं आणि उरलेसुरले जीवही मरतात, हे मी तिला समजावलं. ती ऐकून घेत होती आणि घासत होती. शेवटी मी बादली पळवली. त्यावर ती माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही.

एक काम मात्र जमलं. साखर कारखान्यातून उसाचा चोथा मागवला, गोण्यांत भरला आणि गोण्या एकाला एक बांधून खाजणाच्या तोंडाशी पाण्यावर आडव्या टाकल्या. कोरडा चोथा तेल पितो. भिजला की काढायचा, नवा टाकायचा. आमचे आजे-पणजे ज्या उसापायी इथे आले त्या उसाने पहिल्यांदाच आमचं काही काम केलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो. वाक्य मला फार आवडलं होतं. लोकांना नाही.

त्याच दिवसांत मला एक बगळा सापडला. आमच्याकडे त्याला गास म्हणतात, लहानसा, हिरवट पाठीचा. पंख तेलाने चिकटलेले. दुसऱ्याला साबण नको म्हणणारा मी, त्याला घरी नेऊन मोरीत भांड्यांच्या साबणाने घासून काढलं. त्याने माझ्या अंगठ्याचं मांस काढलं. पण पक्ष्याच्या पिसांवर त्याचं स्वतःचं तेल असतं, त्यामुळे पाणी आत शिरत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी तेही धुऊन टाकलं होतं. बगळा चिंब भिजून कुडकुडायला लागला. पुढे कितीतरी दिवस तो आमच्या चुलीजवळ पोत्यावर उभा राहून स्वयंपाकघरावर देखरेख करत होता. बायको म्हणाली, "सासूबाई परवडल्या." मग एका शनिवारी पाहुण्यांसाठी आणलेले मासे त्याने फस्त केले आणि खिडकीतून उडून गेला. पाहुण्यांना डाळभात वाढला. माझ्या हातून वाचलेला तो पहिला पक्षी, म्हणून मी पाहुण्यांसमोर जरा ऐटीतच होतो.

त्या वर्षीचा आत्याचा गणपती आमच्या घराण्यात कुणी विसरणार नाही. तिने काठावरची वरवर स्वच्छ दिसणारी माती निवडून आणली, मूर्ती केली, रंगवली. सुरेख झाली. पण खोलीत देवघराचा वास येण्याऐवजी बस डेपोचा वास येत होता. आरतीची वेळ झाली तसे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. निरांजन जवळ न्यायला कुणी तयार होईना. शेवटी दारात उभं राहून, हात लांब करून आरती झाली. आत्या एकटी मूर्तीजवळ उभी होती. आरती संपल्यावर म्हणाली, "देवाला पण तेल लागलं रे नामू." तिचे डोळे भरले होते. मी तिला हसवायला काहीतरी बोललो. ती हसली नाही.

कारण तोवर खाजण मेलं होतं. कांदळाची पानं पिवळी होऊन गळली, नुसते सांगाडे उरले. कुर्ल्या नाहीशा झाल्या. कुर्ली नाही म्हणजे चिखलात भोक नाही, भोक नाही म्हणजे आत हवा जात नाही, आणि हवा नाही तर तेल सरत नाही, असं सगळं अडून बसलेलं. आत्या बाजारात जायची बंद झाली. मी तांदूळ नेऊन दिला तर घ्यायची, पण "मागून फेडीन" म्हणायची आणि मला ते ऐकवायचं नाही.

आणि घरचं झालं थोडं, त्यात शेजारच्या ऊसमळ्याच्या मालकांना खाजण हवंसं झालं. आमच्या शेतांतून दगड फार निघतात. ते दगड खाजणात टाकायचे, वर माती घालायची आणि समुद्रकाठी श्रीमंतांसाठी बंगले बांधायचे, असा त्यांचा विचार. मेलेल्या जागेचं दुसरं काय करायचं, असं ते म्हणत, आणि खोटं म्हणत होते असंही नाही.

वरचे एक मोठे अधिकारी पाहणीला आले. सोबत मळ्याचे मालक, मिस्ये गास्तों आणि मी. आम्ही चिखलावर फळ्या टाकून वाट केली होती. मी त्यांना समजावत होतो, की इथे पाय घालणं किती घातक, फळी सोडणं कसं पाप. बोलण्याच्या भरात हात पसरून एक पाऊल मागे टाकलं. मागे फळी नव्हती. मी कमरेपर्यंत आत गेलो. हलावं तसा आणखी रुतत होतो. अधिकाऱ्यांनी माझ्या बोलण्याचा पुढचा भाग ऐकायला मान वाकवली, आणि मीही घाबरून पुढचा भाग बोलत राहिलो. काठावर आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. तेल आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. मला फळीवर पालथं पाडून ओढून काढलं. माझा एक बूट अजून तिथेच आहे.

काय असेल ते असो, अधिकाऱ्यांना माझी दया आली. त्यांनी निर्णय पुढे ढकलला. पुढच्या वर्षीच्या गणपतीनंतर ते पुन्हा येणार होते. तोवर नवी झाडं धरली आणि कुर्ल्या परतल्या, तर खाजण राहील. नाहीतर दगड.

कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. शेवग्यासारखी लांब हिरवी शेंग लोंबत राहते, पिकली की गळून चिखलात उभी रुतते आणि वाढायला लागते. उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत, आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या जिवंत झाडांखालून अशा शेंगा गोळा केल्या, ओल्या गोण्यांत घालून लॉरीने आणल्या. लावणीसाठी मी मुद्दाम ग्रां बुआची माणसं बोलावली, आमच्याच गल्लीतली, धोंडू सिर्दार आणि त्याची टोळी. सिर्दार म्हणजे मुकादम. सगळ्यांचे हात उसात कसलेले. मिस्ये गास्तोंना त्या दिवशी पोर्ट लुईला जायचं होतं. जाताना त्यांनी विचारलं, "लावणी कशी करायची, माहीत आहे ना?"

उसाच्या पोराला लावणी शिकवता? मी म्हटलं, "मिस्ये, तुम्ही निर्धास्त जा."

आता, उसाची लावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ऊस उभा लावत नाहीत. सरी काढायची, कांडं त्यात आडवं निजवायचं आणि वर माती ओढायची. आम्ही फळ्यांवर बसून, कुदळीने चिखलात सऱ्या काढल्या. पहिली शेंग मानाने माझ्या हातून. मी नमस्कार करून ती आडवी निजवली, अंगावर चिखल ओढला. मग टोळी लागली कामाला. काय सरळ सऱ्या होत्या. धोंडू म्हणाला, "नामूभाऊ, असं रान मळ्यात पण नाय बघितलं." माझा ऊर भरून आला.

दुपारची भरती आली आणि पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलं. खाली मुरलेलं तेल आम्हीच कुदळीने उकरून वर काढलं होतं. वर्षभर माणसांना पाय घालू दिला नाही आणि आता मीच नांगर घातला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी वेड्यासारखा चोथ्याच्या गोण्या ओढत खाजणाच्या तोंडाशी धावलो. धोंडू सिर्दार बिचारा विचारत होता, "पण झालं काय?" 

मिस्ये गास्तों दुसऱ्या दिवशी आले. फळीवर उभे राहून बराच वेळ माझ्या सऱ्या पाहिल्या. मग टोपी काढली, कपाळ पुसलं आणि विचारलं, "नामदेव, याची तोडणी कधी?"

त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, सगळं उकरून पुन्हा लावतो. ते म्हणाले, "कृपा कर. आता तरी उकरू नकोस." उरलेल्या शेंगा आम्ही फळीवर पालथं पडून एकेक करून हाताने उभ्या खोचल्या, उकरल्याशिवाय. खाली निजवलेल्या तशाच राहिल्या. तेल वर आलं ते बरंचसं चोथ्याने प्यायलं, उरलेलं उन्हाने नेलं. मी रोज सकाळी देवाला नमस्कार करायच्या आधी खाजण बघायला जायचो. मळ्याच्या मालकांच्या दगडाच्या लॉऱ्या रस्त्यावर येऊन उभ्या राहायला लागल्या होत्या.

हिवाळ्यात, म्हणजे आमच्या जून-जुलैत, उभ्या शेंगांना पानं फुटली. दोन, मग चार. आणि एके दिवशी सऱ्यांमधूनही कोंब वर आले. निजवलेल्या शेंगांतल्या काही आपणहून वाकून उठल्या होत्या. बाकी कुजल्या. उठल्या त्या सगळ्या बुडाशी वाकड्या आहेत. आज ती झाडं माझ्या डोक्यावरून जातात, तरी शाळेची मुलं सहलीला आली की विचारतात, ही रांग अशी वाकडी का? मी म्हणतो, वारा.

मग गणपती आला. त्या साली माती जरा दुरून, झऱ्याच्या बाजूने आणली होती, वास नव्हता. घर आनंदात होतं, मी सोडून. झाडं हातभर उंच झालेली, चिखल नुकता सावरत असलेला, आठवड्यानंतर अधिकारी येणार, आणि उद्या सगळी गल्ली झाकरी नाचत त्यात उतरणार. गेल्या साली वासाने गल्ली काठावरच थांबली होती आणि आत्याने फळीवरून एकटीनेच गणपती सोडला होता. बैठकीत मी उभा राहिलो आणि सांगितलं, यंदा खाजणात कुणी पाय घालायचा नाही.

काय काय ऐकलं ते सगळं लिहीत नाही. "सरकारचा झालास तू." "आज्याने पहिला गणपती तिथे सोडला, आणि तू कोण रे अडवणारा?" धोंडू सिर्दार म्हणाला, "आम्हाला नको म्हणतोस, आणि सऱ्या कुणी काढायला लावल्या होत्या?" यावर सगळे हसले आणि मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. फळ्या टाकाव्यात तर कोवळी झाडं चिरडली असती, म्हणून मी वेगळा तोडगा सांगितला. रोलां नावाचा एक म्हातारा कोळी माझ्या ओळखीचा होता. दुपारच्या भरतीला त्याच्या पिरोगमधून, म्हणजे होडीतून, समुद्राच्या बाजूने खाजणात शिरायचं. गणपती पाण्यातून त्याच्या जागी जाईल, पाय कुणाचाच लागणार नाही. लोक काठावर गातील.

लोकांना ते पटलं. गणपती होडीतून जाणार म्हणून पोरंबाळं खूश झाली. मग सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"मी बोटीत बसणार नाय," आत्या म्हणाली.

"आत्या, बोट नाही गं, होडी आहे. उथळ पाणी, काठीने ढकलायची."

"पाण्यावर चालते ना? मग बोटच ती." तिचा आवाज शांत होता. "माझा बाप एकदाच बोटीत बसला. त्याची आय धक्क्यावर उभी होती. वर्षाने येतो म्हणून सांगून आला. मरेपर्यंत तो त्या धक्क्याबद्दल बोलायचा रे. मी तेव्हाच ठरवलं. आपल्या माणसांनी बोटीत पाय ठेवायचा नाय. बोट माणसाला नेते, आणत नाय."

 मी म्हटलं, मग मी नेतो, तू काठावर थांब. ती म्हणाली, "ज्या हाताने घडवला त्याच हाताने सोडायचा." मी म्हटलं, मग कसं करायचं? ती म्हणाली, "ते मला काय विचारतोस, मी चालतच जाणार." आणि उठून घरी गेली.

ती एकटी चालत उतरली असती तर बाकीचे मागे थांबले नसते. ते मलाही कळत होतं आणि तिलाही. उद्या तिचाच पाय चिखलात पडणार, त्या चिखलावर दगड पडणार, आणि तिच्या कुर्ल्या कायमच्या जाणार, हे मी तिला दारात उभं राहून सांगितलं. तिने आतून कडी घातली. मी कडीलाही सगळं पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली निघाली. ढोलकी, टाळ, गुलाल. आत्या पुढे, पाटावर गणपती, नवं लुगडं. मी मागून चालत होतो आणि गाण्याचे शब्द तोंडातून निघत नव्हते. खाजणाकडे वळायची वाट आली. उजवीकडे चिखल, डावीकडे रोलांची होडी बांधलेली. आत्या थांबली. सगळे थांबले, ढोलकीही थांबली.

तिने उजवीकडे पाहिलं. झाडांची वीतभर हिरवी टोकं पाण्यावर हलत होती.  मग डावीकडे वळली.

होडीजवळ येऊन तिने रोलांला क्रेओलमध्ये विचारलं, आजवर कितीजणांना बुडवलंस. रोलां म्हणाला, एकालाही नाही. "पा पेर, तांतीन," भिऊ नकोस, मावशी. ती त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार दिसेना. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुला पोहता येतं?"

किनाऱ्यावर सरकारी पगार खाणाऱ्या माणसाने या प्रश्नाला जे उत्तर द्यावं ते मला देता येईना. "नाही," मी म्हटलं.

"मग बस माझ्या शेजारी," ती म्हणाली. "मला परत आणायचं तुझ्यावर आहे."

ती बसली. पाट मांडीवर, दोन्ही हात गणपतीभोवती, डोळे घट्ट मिटलेले. रोलांने काठी रेटली. होडी हलली तशी तिने एका हाताने माझं मनगट धरलं, आणि इतक्या जोराने, की त्या बगळ्याची आठवण झाली.  काठावर पुन्हा ढोलकी सुरू झाली आणि गाणं आमच्याबरोबर काठाकाठाने चालायला लागलं.

खाजणात पोचलो तेव्हा मी तिला हलकेच म्हटलं, "आत्या, डोळे उघड." पाणी निवळ होतं. खाली, झाडांच्या मधे, चिखलाला भोकं पडली होती. एक दोन नाही, जिकडेतिकडे. एका भोकाच्या तोंडाशी कुर्ली आपली एक नांगी वर करून उभी होती आणि आमच्या सावलीला धमकावत होती. आत्याने वाकून पाहिलं. तिने माझं मनगट सोडलं.

"लहान हायत अजून," ती म्हणाली. "वर्षभर हात लावायचा नाय कुणी."

मग तिने गणपती उचलला, कपाळाला लावला आणि आपल्या हाताने अलगद पाण्यात सोडला. चिखल चिखलात गेला. आठवड्याने अधिकारी आले, त्यांनीही झाडं पाहिली, भोकं पाहिली, मी फळीवरून पडतो का तेही पाहिलं. दगडांच्या लॉऱ्या परत गेल्या. खाजण आजही आहे. त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली, आणखी बऱ्याच जागा बिघडवल्या आणि काही सावरल्या, पण वरच्यांना जे पाहायचं होतं ते आत्याने आधीच पाहून घेतलं होतं.

परतताना तिने डोळे मिटले नाहीत. समुद्राकडे, प्रवाळाच्या बांधापलीकडे, जिकडून बोटी येतात तिकडे पाहत होती.  होडी वाळूला लागली. मी आधी उतरलो आणि पाण्यातच घसरून पडलो. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरली, कोरड्या वाळूत दोन पावलं गेली, आणि तिथेच उभी राहिली. ज्या जागेवरून निघाली होती ती जागा तिने पायाने चाचपून पाहिली.

"नामू," ती म्हणाली, "आपल्या घराण्यात बोटीत बसून परत आलेली मी पहिली."